आधी यादी दाखवा, मग भांडा

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनकनी ग्रीसच्या पंतप्रधानांची ठरलेली भेट ऐनवेळी रद्द केली. कारण काय, तर मित्सोताकिस बीबीसीला म्हणाले होते की पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन देवळाची, शिल्पं अर्धी लंडनला आणि अर्धी अथेन्सला ठेवणं म्हणजे मोनालिसा मधोमध कापण्यासारखं आहे. झालं, दोन्हीकडचे पेटले, आणि गेली दोनशे वर्षं जे चाललंय तेच परत सुरू झालं, एक पार्टी म्हणते चोरून नेलंय ते परत द्या, दुसरी म्हणते आम्ही नेलं म्हणून वाचलं नाहीतर चुनाभट्टीत गेलं असतं. आपल्याकडे हा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला कोहिनूर येतो आणि ग्रीस राहतं बाजूला. मला खटकतं ते वेगळंच. ती मोनालिसाची उपमाच फसवी आहे. मोनालिसा कापली तर दोन तुकडे होतील, जोडले की काम झालं. पार्थेनॉनचे दोन तुकडे नाहीयेत, शेकडो आहेत, लहान-मोठे, निरनिराळ्या देशांत, काही दिमाखात मांडलेले आणि काही ट्रेमध्ये पडून. माझं म्हणणं सरळ आहे: शिल्पं परत जावीत असं मलाही वाटतं, पण त्याच्याआधी आणि त्याच्यापेक्षा जास्त जोर लावून प्रत्येक तुकड्याची नोंद मागायला पाहिजे, सगळ्या म्युझियमची मिळून एकच, उघडी, आणि मालकाप्रमाणे नाही तर इमारतीप्रमाणे लावलेली. जो हे करायला तयार नाही त्याचं ‘आम्ही सांभाळतो’ हे बोलणं मनावर घ्यायचं कारण नाही, मग तो लंडनचा असो की अथेन्सचा.

थोडे आकडे बघू, त्याशिवाय पसारा कळत नाही. देऊळ बांधलं इ.स.पू. 447 ते 432. वरून फिरणारी शिल्पपट्टी, म्हणजे फ्रीझ, साधारण 160 मीटर लांब आणि मीटरभर उंच. बाहेरच्या बाजूला 92 मेटोप, म्हणजे चौकोनी शिल्पफलक. आणि पुढे-मागे दोन पेडिमेंट, छपराखालचे ते त्रिकोण, मूर्तींनी भरलेले. 26 सप्टेंबर 1687 ला व्हेनिसचा सेनापती मोरोसिनीच्या तोफखान्याने आत ठेवलेल्या तुर्कांच्या दारूगोळ्यावर गोळा टाकला आणि मधला भाग उडाला. आज लंडनमध्ये, म्हणजे तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये, फ्रीझचे सुमारे 75 मीटर, 15 मेटोप आणि पेडिमेंटमधल्या 17 मूर्ती आहेत, अथेन्समध्ये फ्रीझचे साधारण 50 मीटर. हे झालं हेडलाइनमधलं. त्याच्या खालचं बघा: दक्षिणेच्या चौथ्या मेटोपचं शरीर लंडनला आहे आणि त्याच्यावरची दोन डोकी 1688 पासून कोपनहेगनला, कारण मोरोसिनीच्या सैन्यातला एक अधिकारी ती घेऊन गेला, आणि ती कुठली आहेत हे ओळखायला 19वं शतक उजाडलं. पश्चिम पेडिमेंटमधल्या समुद्रदेव पोसायडनच्या धडाचा एक भाग लंडनला, दुसरा अथेन्सला. पॅरिसला लूव्रमध्ये फ्रीझचा एक दगड आहे, व्हिएन्नात तुकडे आहेत. हे सगळं ‘अर्धं अर्धं’ या शब्दात बसतं का?

आता कॅटलॉग करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, कारण बहुतेकांना वाटतं फोटो काढला, नंबर टाकला, झालं. समजा एक मुठीएवढा तुकडा समोर आला. त्यावर कापडाच्या तीन चुण्या, बाकी सगळं फुटलेलं. पहिलं बघायचं कुठली बाजू घडवलेली, कुठली फुटलेली आणि कुठली करवतीने कापलेली, हो, करवतीने, कारण ही शिल्पं लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताच्या माणसांनी फ्रीझचे दगड वजन कमी करायला मागून कापले, मूळची जाडी जवळपास 60 सेंटीमीटर होती. म्हणजे सपाट पाठ दिसली की ती प्राचीन आहे की 1801 नंतरची हे ठरवावं लागतं आणि तसं लिहावं लागतं. मग दगड: पेंटेलिक असेल तर बारीक दाण्याचा, अभ्रकाच्या रेघा असलेला आणि लोहामुळे जुना झाल्यावर मधाच्या रंगावर जाणारा, पारोसचा असेल तर जास्त पारदर्शी आणि दाणा मोठा, आणि शंका असेल तर कार्बन-ऑक्सिजनची समस्थानिकं तपासून खाण शोधता येते. मग हत्याराच्या खुणा, टोकदार छिन्नी, दातेरी छिन्नी, कानस, गिरमिट. मग खोली. फ्रीझचा उठाव जेमतेम 5-6 सेंटीमीटर, तोही वर जास्त आणि खाली कमी, कारण बघणारा खालून मान वर करून बघणार होता. तेव्हा दहा-बारा सेंटीमीटर बाहेर आलेलं पाऊल कोणी फ्रीझचं म्हणून लिहिलं तर ते चूक, ते मेटोपचं असेल किंवा भलत्याच इमारतीचं. घोड्याचं नाक डावीकडे असेल तर उत्तर किंवा पश्चिम बाजू, उजवीकडे असेल तर बहुधा दक्षिण, कारण मिरवणूक दोन्ही लांब बाजूंनी पूर्वेकडे जाते. आणि रंग. ब्रिटिश म्युझियममध्येच 2009 च्या सुमारास आयरिस देवीच्या मूर्तीच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचे कण सापडले, डोळ्यांना दिसत नव्हते, खास प्रकाशात चमकले. म्हणजे कोणी उत्साहाने तो तुकडा ब्रशने घासून स्वच्छ केला असता तर ती माहिती मोरीत गेली असती. शेवटी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सापडला कुठे, कोणी, कधी, आणि त्याच्यावर आधीचे कुठले नंबर शाईने लिहिलेत. ते जुने नंबर पुसायचे नसतात. आणि हे सगळं करूनही शेवटी ‘कुठला ते माहीत नाही’ असं लिहायची तयारी पाहिजे, जे विद्वानांना फार जड जातं.

अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे जुन्या बाजारपेठेच्या जागी, अमेरिकन लोकांनी 1931 पासून खोदकाम चालवलंय, तिथे ही शिस्त सुरुवातीपासून आहे. शिल्पाला एस, शिलालेखाला आय, वास्तूच्या तुकड्याला ए, मातीच्या भांड्याला पी, त्यापुढे क्रमांक, आणि प्रत्येक वस्तूचं कार्ड खोदकामाच्या वहीच्या पानाशी जोडलेलं. सापडलं तेव्हा एखाद्या बोटाच्या पेराला कोणी विचारलं नसेल. पण पुढे अनेक दशकांनी लोकांनी हेच एस नंबरचे तुकडे चाळून कुठल्या देवळाला कुठली मूर्ती होती हे बांधत आणलं. ज्यांनी कार्ड लिहिलं त्यांनी निष्कर्ष काढला नव्हता, दुसऱ्याला काढता यावा एवढं ठेवलं होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा आणि तो खोटा नाही. हजारो चिपऱ्या, त्यातल्या बहुतेक कधीच कशालाच जुळणार नाहीत, तज्ज्ञ थोडे, त्यांचा पगार कोण देणार, त्यापेक्षा चांगल्या मूर्तींवर लक्ष द्या. ठीक आहे. पण ‘चांगली मूर्ती’ कशाने होते? 1877 मध्ये अथेन्समध्ये एका तरुणाचं डोकं सापडलं, ते रँपिन नावाच्या माणसाकडून लूव्रला गेलं. 1886 मध्ये अ‍ॅक्रोपोलिसवर एका घोडेस्वाराचं धड सापडलं. दोन्ही छापून आलेली, दोन्ही माहितीतली, आणि तरी पन्नास वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, 1936 मध्ये हम्फ्री पेन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने दाखवून दिलं की हे डोकं या धडाचं आहे. त्याच माणसाने लियोंच्या म्युझियममधली एक बाई, जिला तिथे अफ्रोडाइटी म्हणून मिरवत होते, तिचा खालचा भाग अथेन्सला आहे हे ओळखलं, म्हणजे ती अफ्रोडाइटी नव्हतीच, अ‍ॅक्रोपोलिसवरच्या कोरींपैकी, म्हणजे तरुणींच्या पुतळ्यांपैकी, एक होती. आणि सामोथ्रेसची नाइके, म्हणजे विजयदेवी, घ्या, लूव्रच्या जिन्यावरची ती पंखवाली, जिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ती 1863 मध्ये सापडली. तिचा उजवा पंजा मिळाला 1950 मध्ये, आणि त्या पंजाची बोटं, अंगठ्याचा तुकडा धरून, व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये ड्रॉवरमध्ये पडली होती, 1870 च्या दशकातल्या ऑस्ट्रियन खोदकामातून आलेली. तोपर्यंत विद्वान मंडळी तिच्या हातात तुतारी देत होती. पंजा मिळाला तर कळलं की हात मोकळा आहे, त्यात काहीच धरलेलं नाही. एवढ्या प्रसिद्ध मूर्तीबद्दलचं मत दोन बोटांनी फिरवलं, आणि ती बोटं पाऊणशे वर्षं ड्रॉवरमध्ये होती! आता सांगा, कुठली चिपरी बिनकामाची आणि कुठली कामाची हे आधी कसं ठरवणार?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो. ते म्हणतात हा सगळा वेळकाढूपणा आहे, आधी यादी, मग समिती, मग अहवाल, तोपर्यंत अजून एक पिढी जाईल, म्युझियमवाल्यांना हेच तर पाहिजे. खरंय, सरकारी समित्यांचा अनुभव आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवाय लंडनच्या हातात 1963 चा कायदा आहेच, ज्यामुळे ट्रस्टींना संग्रहातली वस्तू सहसा देऊनच टाकता येत नाही. पण प्रत्यक्षात परत काय गेलं ते बघा. 2006 मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने उत्तर फ्रीझचा एक छोटासा तुकडा दिला, पायाच्या टाचेचा. 2022 मध्ये इटलीतल्या पालेर्मोहून आर्टेमिस देवीचं पाऊल आलं, पूर्व फ्रीझच्या सहाव्या दगडाचं, तो दगड अथेन्सलाच आहे. 2023 मध्ये व्हॅटिकनने तीन दिले, एक घोड्याचं डोकं, एक मुलाचं, एक दाढीवाल्याचं. यात साम्य काय? तिन्ही ठिकाणी तुकडा लहान होता हे आहेच, त्यामुळे देणाऱ्याला सोपं गेलं, हे मी मान्य करतो. पण दुसरं साम्य हे की प्रत्येकाबद्दल कोणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं की हा अमुक बाजूच्या अमुक शिल्पाचा आहे. ‘ग्रीसचा वारसा द्या’ म्हटलं की समोरचा तत्त्वज्ञान सुरू करतो. ‘पूर्व फ्रीझ, दगड सहा, आर्टेमिसचं पाऊल, तुमच्याकडे’ म्हटलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. वेळकाढूपणा नक्की कशात होतोय?

आणि ही यादी इमारतीप्रमाणे लावायची कल्पना काही माझी नाही. आडोल्फ मिखाएलिस नावाच्या जर्मन विद्वानाने 1871 मध्ये पार्थेनॉनचं जे जे उरलंय आणि जे नष्ट झाल्यावर फक्त चित्रात उरलंय ते सगळं एकत्र केलं, 1674 मध्ये, म्हणजे स्फोटाच्या 13 वर्षं आधी, काढलेली रेखाटनंसुद्धा, आणि फ्रीझच्या दगडांना बाजूप्रमाणे ओळीने रोमन आकडे दिले. दगड लंडनला आहे की पॅरिसला की अथेन्सला की कुठेच नाही, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, काही दगडांना आता दोन-दोन नंबर आहेत आणि वाचताना डोकं फिरतं, पण तत्त्व तेच राहिलं. म्हणजे बघा, ज्या वेळी दोन्ही देशांची सरकारं या विषयावर तोंडं फिरवून बसतात त्या सगळ्या काळात अभ्यासकांनी कागदावर ती मिरवणूक कधीच परत एकत्र केली होती. फ्रीझपुरतं ग्रीकांनी हे ऑनलाइनही करून दाखवलंय, बाहेरचे दगड धरून. मग मेटोप, पेडिमेंट आणि स्टोअरमधल्या चिपऱ्या यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून का नको?

कोणी म्हणेल कॅटलॉग पण निष्पाप नसतो, नाव देणारा सत्ता गाजवतो. काही अंशी बरोबर आहे, दोनशे वर्षं एका देवळाच्या शिल्पांना एका राजदूताचं आडनाव लागून राहिलं ते काही उगीच नाही, 1816 मध्ये संसदेने त्याला 35,000 पौंड देऊन ती घेतली त्याचा तो शिक्का आहे. पण चांगला कॅटलॉग यावरच तर उतारा असतो. पूर्व पेडिमेंटमधला तो आडवा रेललेला पुरुष, लंडनला आला तेव्हा लोक त्याला थीसियस म्हणत, आता बहुतेक जण डायोनायसस म्हणतात. नोंदीत तो ‘डी’ आहे. नुसतं अक्षर. विद्वानांची मतं बदलत गेली, अक्षर जागेवर राहिलं, कारण अक्षर फक्त तो त्रिकोणात कुठे होता एवढंच सांगतं.

आता सांभाळण्याचा मुद्दा. लंडनच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पश्चिम फ्रीझ 1993 पर्यंत देवळावरच होता, अथेन्सच्या धुराने आणि आम्लाच्या पावसाने त्याचे चेहरे खाल्ले, हे कोणी नाकारत नाही. त्याआधी 20व्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या ग्रीक इंजिनियरने पार्थेनॉनचे पडलेले दगड परत चढवले, पण कुठला दगड मूळ कुठल्या जागेचा हे न पाहता, बसेल तिथे बसवले आणि वर लोखंडी पट्ट्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि दगड तडकले. 1975 मध्ये समिती नेमून, प्रत्येक दगड मोजून, मानोलिस कोरेससारख्या वास्तुतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तो घोळ निस्तरला. म्हणजे हे पाप सुद्धा नोंदीअभावी झालेलं, आणि ते ग्रीकांच्या खात्यात आहे. पण लंडनचं खातं? 1937-38 मध्ये नवीन गॅलरीसाठी पैसे देणाऱ्या लॉर्ड ड्युवीनला संगमरवर पांढराशुभ्र पाहिजे होता म्हणून कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी तो खरवडला, आणि नेमकं किती नुकसान झालं यावर 1999 मध्ये परिषद भरवून भांडावं लागलं.

आणि मग ऑगस्ट 2023. ब्रिटिश म्युझियमने कबूल केलं की वस्तू गायब आहेत, आकडा आला सुमारे 2000. संगमरवर नव्हता तो, मुख्यतः कोरीव रत्नं, काच, दागिने असला लहान माल होता. पण कुठला लहान माल? ज्याची नीट नोंदच नव्हती तो. नोंद नाही म्हणजे फोटो नाही, म्हणजे गेल्याचं कळत नाही, आणि कळलं तरी आपलाच आहे हे सिद्ध करता येत नाही. हे उघडकीला कसं आलं ते तर फारच बोलकं आहे, एका डॅनिश व्यापाऱ्याला इंटरनेटवर विक्रीला आलेला नग म्युझियमच्याच नोंदीतला म्हणून ओळखू आला, त्याने 2021 मध्ये कळवलं, उत्तर आलं सगळं ठीक आहे. शेवटी डायरेक्टरला जावं लागलं. ज्या थोड्या वस्तूंची नोंद होती त्यांनी बाकीच्यांची चोरी पकडून दिली. यादी उघड केली तर चोरांचं फावेल असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं काय उत्तर द्यायचं? म्युझियमने त्यानंतर जाहीर केलं की पाच वर्षांत सगळा संग्रह ऑनलाइन आणणार, 24 लाख नोंदी नव्याने चढवायच्या किंवा सुधारायच्या. चांगलंय. 1753 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला हे 2023 मध्ये सुचलं.

थ्रीडी स्कॅनचं पण बोलून टाकतो, कारण हल्ली कुठल्याही प्रश्नावर कोणीतरी येतं आणि म्हणतं एआय करेल. आकार जुळवायला नक्की मदत होईल, करावीच. पण फुटलेली कड दोन हजार वर्षं पावसात राहिली की झिजते, मग जुळायला काही उरत नाही, तेव्हा तुम्हाला तोच दाणा, तीच दातेरी छिन्नी आणि सापडल्याची जागा यावर जावं लागतं. सापडल्याची जागा स्कॅनरला दिसत नाही, ती कोणाच्या तरी वहीत असते किंवा नसते.

आपल्याकडचं एकच उदाहरण देतो, कोहिनूर सोडून. वाघनखं. 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आली, आणि वाद काय झाला, तर ती छत्रपती शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेलीच का. एका बाजूला अस्मिता, दुसऱ्या बाजूला टिंगल. म्युझियमच्या स्वतःच्या नोंदीत स्पष्ट आहे की पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांची आणि ग्रँट डफला दिलेली असं सांगतो, पण त्याची खात्री करता येत नाही. किती साधं आणि प्रामाणिक वाक्य! पण तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ती नोंद उघडून वाचली असेल? पार्थेनॉनच्या वादातही हेच होतं, मोनालिसा सगळ्यांना पाठ आणि दक्षिण मेटोप चार कोणाला माहीत नाही.

कॅटलॉग झाला की सगळं आपोआप सुटेल असा माझा भाबडा दावा नाहीये. बॉस्टनचा थकलेला हेराक्लीस घ्या, लिसिपोसच्या ग्रीक मूर्तीवरून रोमन काळात केलेली संगमरवरी प्रत. खालचा भाग 1980 मध्ये तुर्कस्तानात पेर्गे इथल्या खोदकामात सापडला, नोंद झाली, अंताल्याच्या म्युझियममध्ये गेला. वरचा भाग 1981 मध्ये बॉस्टनच्या म्युझियमने भागीदारीत विकत घेतला. 1992 मध्ये दोन्हीचे प्लास्टरचे साचे एकमेकांवर ठेवून बघितले, बरोब्बर बसले. आणि तरी परत जायला 2011 उजाडलं, कारण जुळतंय हे खरं पण कधी फुटलं आणि देशाबाहेर कधी गेलं हे कुठे सिद्ध झालंय, असा युक्तिवाद मधली 19 वर्षं चालला. पण त्या 19 वर्षांत बॉस्टनला एक वाक्य काही केल्या बोलता येत नव्हतं, की हे दोन तुकडे एकाच मूर्तीचे नाहीत, कारण पेर्गेच्या अर्ध्याची नोंद खोदतानाच झाली होती. कोपनहेगनलाही ते त्या दोन डोक्यांबद्दल बोलता येत नाही. ज्या तुकड्यांना अजून नंबरच मिळालेला नाही त्यांच्याबद्दल मात्र कोणीही काहीही बोलू शकतं, लंडन सुद्धा आणि अथेन्स सुद्धा.